शिंप्याच्या मांडीतली बाही

शिंपी कोपऱ्यापर्यंत चालत गेला. तिथे त्याने उगीचच वळून माझ्या दुकानाकडे बघितलं, हात हलवला आणि न थांबता परत आला. मी काउंटरमागे एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होतो. त्याचा तो हलणारा हात बघून मी स्क्रू इतका पिळला की चष्म्याची दांडीच मोडली.

"जमतंय रे मला," दारात येऊन तो म्हणाला. धाप नाही, लंगडणं नाही, वर तोंडभर हसू. "तुझा पाय काय म्हणतोय?"

"उत्तम," मी म्हणालो.

उत्तम कसला डोंबलाचा! दुकानाच्या मागच्या दारापर्यंत जाऊन यायचं म्हटलं तरी पोटरीत पेटका यायचा आणि वाटेत खुर्चीची पाठ धरून उभं राहावं लागायचं. पण ते शिंप्याला सांगण्यापेक्षा मी जीभ कापून दिली असती.

आम्ही दोघं कित्येक वर्षं भिंतीला भिंत लावून दुकानं चालवतोय. तो लोकांना कपडे बेततो, मी चष्मे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागच्या दाराशी पायरीवर बसून आम्ही सिगारेटी ओढायचो. पाकीट एकच असायचं, त्यामुळे दुखणंही एकच झालं. दोघांच्याही पायांच्या धमन्या आतून बुजत गेल्या. चाललं की पोटरी दुखायची, थांबलं की राहायची. डॉक्टरही एकच गाठले आणि त्यांनी उपायही एकच सांगितला. मांडीतली बुजलेली धमनी तशीच सोडून द्यायची आणि आपल्याच पायातली एक शीर काढून तिच्या शेजारून रक्ताला नवी वाट करून द्यायची. खरी अडचण जोडापाशी असते. टाके घातले की शरीर तिथे डागडुजी करायला बसतं आणि कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. आतून मांस भरत जातं आणि नवी वाटही बुजते.

त्यावर आता एक बाही निघाली आहे. ती पॉलिमरची, म्हणजे अंगात विरघळणाऱ्या एका प्रकारच्या प्लॅस्टिकची असते, कांद्याच्या सालीसारखी पातळ. ऑपरेशनच्या वेळी ती जोडावर बाहेरून गुंडाळतात. तिच्यात औषध मुरवलेलं असतं. ते महिनोन्महिने हळूहळू जोडात झिरपत राहतं आणि आत मांस भरू देत नाही. काम झालं की बाही विरघळून जाते, मागे काही उरत नाही. अजून ती बाजारात आलेली नाही. निवडक पेशंटांवर चाचणी चालली आहे.

आणि ती बाही आमची ही करते.

करते म्हणजे अक्षरशः हाताने करते. औषध किती घालायचं, पॉलिमर कोणतं घ्यायचं, हे कंपनीतल्या मोठ्या लोकांनी ठरवलं. पण काचेच्या खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळून घेऊन, एक गुळगुळीत सळई त्या द्रावणात बुडवून बाहेर काढायची, हे काम हिचं. सळई वर येताना हात जरा हलला की थर कुठे जाड, कुठे बारीक होतो, आणि जिथे जाड तिथे औषध जास्त. म्हणून सळई पूर्ण वर येईपर्यंत ही श्वास रोखून धरते. मग तो थर वाळवायचा आणि पुन्हा बुडवायचा. मशीन येणार, येणार, असं कधीपासून म्हणतायत. पण चाचणीपुरत्या बाह्या लागतात मोजक्याच, आणि हिच्या हातच्या बाह्या सहसा नापास होत नाहीत, त्यामुळे मशीनची कोणाला घाई नाही.

श्वास रोखायची ही सवय तिने घरीही आणली आहे. चहा ओततानाही तिचा श्वास बंद असतो. मी समोर बसून दुकानातली काहीतरी गंमत सांगत असतो आणि हिचं सगळं लक्ष त्या धारेवर. कप भरला की मोठा श्वास सोडून विचारते, "काय म्हणालात?" मी म्हणतो, "काही नाही." पुरुषाला सवत असते का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन की असते. माझी सवत म्हणजे काचेच्या खोलीतलं एक टेबल. त्याच्यापायी हिची संध्याकाळ जाते, रविवार जातो आणि घरी येतं ते फक्त थकलेलं अंग.

तर ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही दोघांनीही चाचणीसाठी नावं दिली, शिंप्याने आणि मी. चाचणीचं काम बघणाऱ्या बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरातलं कोणी या कंपनीत कामाला आहे का, असा प्रश्न आला तेव्हा माझी छाती फुगली. मला वाटलं, आता आपला नंबर पहिला.

"अहो, कामाला काय, बाही माझी बायकोच करते!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला घेता येणार नाही."

नियम असा होता की बाही करणाऱ्याच्या घरातलं माणूस चाचणीत चालत नाही, आणि बाही करणाऱ्याला एकाही पेशंटचं नाव कळता कामा नये. आपला माणूस असला की चांगली बाही त्याच्यासाठी बाजूला काढावीशी वाटते, आणि तपासायला बसलं की मोजमापही त्याच्या बाजूने झुकतं. मी त्या बाईंना परोपरीने सांगितलं की आमची ही माझ्यासाठी काहीएक बाजूला काढून ठेवणार नाही, जेवणाचं ताटसुद्धा नाही, तुम्ही तिला ओळखत नाही. बाई हसल्या, पण नियम काही हलला नाही.

माझं साधं ऑपरेशन झालं. शिंप्याला बाही मिळाली.

दवाखान्यातून सुटल्यावर पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे आला आणि त्याने हळूच दार लोटून घेतलं.

"जन्मभर लोकांना बाह्या लावल्या, आता मला लागली," तो म्हणाला. "आणि तीही वहिनींच्या हातची! वहिनींना बोलू नकोस हं. पेशंट कोण ते त्यांना कळायला नको. सही घेतलीय माझ्याकडून."

"मग मला कशाला सांगतोयस?"

"तू काय परका आहेस?" असं म्हणून त्याने मांडीवर हलकेच थोपटलं. पँटवरूनच, पण असं थोपटलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण हे बघा. माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर ते लावायला हिला सवड नसते. ते मी शिंप्याकडून लावून घेतो. आणि हिने श्वास रोखून, जीव ओतून केलेली वस्तू शिंप्याच्या मांडीत, कातडीच्या आत! झोपताना हा तिथे हात ठेवून झोपत असेल, असलाही विचार माझ्या मनात येऊन गेला. माझी मलाच लाज वाटली, पण येणारा विचार आलाच. आणि त्यानंतर तो रोज कोपऱ्यापर्यंत चालायला लागला, तो नेमका माझ्या दुकानावरूनच.

पुढे माझा पाय पुन्हा गार पडायला लागला. डॉक्टरांनी मशीन फिरवून बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. गिऱ्हाइकांना वाईट बातमी देताना मीही तसंच करतो, त्यामुळे पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं. जोड बुजत चालला होता. वेळेत काही केलं नाही तर आधी बोटं जातील, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं, असं त्यांनी सरळ सांगितलं.

संध्याकाळी जेवताना मी हे हिला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"पुन्हा कापावं लागेल?"

"बहुतेक."

मला वाटलं, आता ती उठून जवळ येईल, खांद्यावर हात ठेवेल, निदान पायाकडे तरी बघेल. तिने घड्याळाकडे बघितलं.

"उद्या मला लवकर निघावं लागेल," ती म्हणाली. "नवीन द्रावण लावायचंय."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझा तळपाय गारठलेला होता, तरी मस्तक पेटलं.

"लाव! लाव द्रावण!" मी ओरडलो. "माझा पाय जाऊ दे खड्ड्यात, तुझं द्रावण लागलं पाहिजे! तो शिंपी बघ कसा घोड्यासारखा फिरतोय. का नाही फिरणार? तुझी बाही आहे ना त्याच्या मांडीत!"

बोललो आणि जीभ चावली. खरं सांगायचं तर चावली नाही, चावल्यासारखं केलं. आत कुठेतरी मला हे केव्हापासून बोलायचंच होतं.

ही पांढरीफटक पडली. "हे मला का सांगितलंत?"

"सहज निघून गेलं तोंडातून."

"तुम्हाला माहीत होतं ना, मला कळायला नको ते?"

"अगं, मग कोणाला कळतंय? मी कोणाला सांगणार नाही, शिंपी सांगणार नाही."

"पण मला कळलंय ना," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी लवकर गेली ती द्रावण लावायला नाही. साहेबांना जाऊन स्वतःहून सांगून आली की एक पेशंट मला माहीत झाला आहे. साहेब म्हणे हळहळले, पण नियम तो नियम. चाचणी संपेपर्यंत तिने टेबलाजवळ फिरकायचं नाही, असं ठरलं. तिला वरच्या मजल्यावर पॅकिंगला बसवलं, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. टेबलावर तिच्या जागी एक बाई आली. ही बाई हिच्याच हाताखाली शिकलेली, दोन लेकरांची आई, कामाला चपळ. हिने तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं, कारण ती सळई भराभर वर घेते, असं हिचं म्हणणं.

आता ही उजेडी घरी यायला लागली. आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायला लागलो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, दोन-तीन दिवस. मग माझ्या लक्षात आलं की चहा ओतताना ती श्वास रोखत नाही. धार कपाबाहेर जायची, बशी भरायची, आणि ती तशीच बशीकडे बघत राहायची. मी मजेदार गोष्टी सांगत होतो आणि ती प्रत्येक गोष्ट पहिल्या झटक्यात ऐकत होती. पण हसत एकदाही नव्हती.

पुढच्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली. डॉक्टर खुशीत होते.

"एक चांगली बातमी आहे," ते म्हणाले. "तुमच्या मिसेस आता बाह्या करत नाहीत, तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनला तुम्हाला चाचणीत घेता येईल. खरं तर त्या पहिल्याच वेळी टेबलावरून बाजूला झाल्या असत्या, तर तेव्हाही घेतलं असतं. कंपनीने विचारलंही होतं त्यांना."

मी मान वळवून हिच्याकडे बघितलं. ती मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती.

बाहेर येऊन आम्ही बसच्या थांब्यावर बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. ते उठून जाईपर्यंत मी दम धरला.

"विचारलं होतं तुला?"

"हो."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

"का?"

तिला काहीही थाप मारता आली असती. तसला नियम मला माहीत नव्हता, घर चालवायचं होतं, साहेब ऐकेनात, काहीही. मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. पण हिला थाप मारताच येत नाही, हाच हिचा मोठा दोष आहे.

"सोडवेना," ती म्हणाली. "साध्या ऑपरेशनानेही कितीतरी लोकांचे पाय नीट राहतात. मला वाटलं, तुमचाही राहील. मग मी टेबल कशाला सोडू? माझ्या जागी दुसरं कोणी बसलेलं मला बघवलं नसतं. झालं समाधान?"

इतकी वर्षं ज्याचा संशय घेत होतो तो खरा ठरला होता. मी तोंडाने कितीदा म्हटलं होतं, तुला माझ्यापेक्षा ते टेबल प्यारं आहे म्हणून. पण म्हणताना दर वेळी मनातून वाटायचं की ही "काहीतरीच काय!" म्हणेल. या वेळी ती तसं म्हणाली नाही. बस आली. तिने मला दंडाला धरून चढवलं. मी हात झटकला असता, पण पाय उचलत नव्हता.

ऑपरेशन झालं. मलाही बाही लागली. मला भेटायला शिंपी फळं घेऊन आला आणि कॉटच्या कडेला ऐसपैस बसला.

"आता आपण दोघं बाहीवाले," तो म्हणाला. "माझी तर एव्हाना विरघळून गेली असेल. तुझी कोणाच्या हातची?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या बायकोच्या हातची बाही शिंप्याला मिळाली आणि मला मिळाली घाईबाईच्या हातची! नळ्या लावलेल्या अवस्थेत पडल्या पडल्या माझा पुन्हा जळफळाट झाला. नर्स धावत आली आणि तिने शिंप्याला बाहेर काढलं, तेवढंच बरं वाटलं.

घरी आल्यावर मात्र एक नवल घडलं. पॅकिंगवरून आली की ही हातपाय धुऊन सरळ माझ्यापाशी यायची, चौरंगावर बसायची आणि माझं पाऊल मांडीवर घ्यायची. अंगठ्याचं नख दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायची. टाचेपासून पोटरीपर्यंत हाताची पाठ फिरवून कुठे गार लागतं का ते बघायची. "दुखतं का? मुंग्या येतात? चालताना ओढ बसते?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या पायाला हिने असा हात कधी लावला नव्हता. मी डोळे मिटून पडून राहायचो. शिंपी बाहेरून हाका मारायचा, तर मी झोपल्याचं सोंग घ्यायचो.

पाय चांगलाच सुधारत होता. घरातल्या घरात मी कशालाही न धरता फिरायला लागलो. डॉक्टरांनी मशीन फिरवून बघितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला नाही. जोड मोकळा होता, रक्त खळखळ वाहत होतं. मी घरी आल्या आल्या हिला सांगितलं.

"आणि वरच्या बाजूला?" तिने विचारलं. ती माझं पाऊल मांडीवर घेऊन बसली होती. "जोडाच्या वरच्या टोकाला काही टोचत नाही?"

"नाही."

"एका अंगाला सूज? ताण?"

"नाही गं."

"नीट आठवून सांगा. घाईबाई सळई फार भराभर वर घेते. वरचं टोक जाड राहतं तिचं. मी तिला हजारदा सांगितलंय. वरच्या अंगाला थोडं तरी दुखत असणार."

"अजिबात नाही. पहिल्यासारखा झालाय पाय."

मी हे आनंदाने सांगत होतो आणि माझ्या प्रत्येक "नाही"बरोबर तिचा चेहरा उतरत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस ही माझा पाय बघत नव्हती. घाईबाईचं काम तपासत होती. कुठे चूक सापडते का ते बोटांनी चाचपत होती, आणि चूक काही सापडत नव्हती.

तिने पाऊल अलगद खाली ठेवलं आणि उठली.

"चांगली केलीय मग तिने," ती म्हणाली. "छानच झालं."

तो आवाज मी ओळखला. मी शिंप्याला "उत्तम" म्हणायचो तेव्हाचा, हुबेहूब माझाच आवाज होता तो. ती खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. मला पुष्कळदा वाटायचं, हिलाही कधीतरी असं जळायला लागावं, म्हणजे कळेल आपल्या पोटात काय होतं ते. आता ती जळत होती, आणि माझ्यासाठी नाही, त्या टेबलासाठीच जळत होती. मला राग यायला हवा होता. पण तिचे ते दोन हात खिडकीच्या गजांवर नुसतेच पडले होते, त्यांना काही कामच नव्हतं, आणि ते माझ्याच्याने बघवेना.

"अगं," मी म्हणालो, "थोडंसं दुखतंय बरं का."

ती झटकन वळली. "कुठे?"

"इथे. वरच्या अंगाला." मी मांडीवर अंदाजाने एक जागा दाखवली. "फार नाही. चालताना जरा टोचल्यासारखं होतं. मघाशी लक्षात नाही आलं."

"मी म्हटलं नव्हतं?" ती लगबगीने आली, चौरंग ओढून बसली आणि मी दाखवलेल्या जागेवर तळहात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. "वरचं टोकच असणार. अगदी थोडं जाड राहिलं असेल. धोका नाही त्यात काही, पण मी केली असती तर असं झालंच नसतं."

"तुझ्या हातची गोष्टच वेगळी," मी म्हणालो.

"ते जाऊ द्या," ती खुशीत म्हणाली आणि श्वास रोखून अंगठ्याने हळूहळू दाबत गेली. "डॉक्टरांच्या कानावर घाला मात्र."

"घालतो," मी म्हणालो, आणि तिने हात काढून घेऊ नये म्हणून आणखी थोडं कण्हलो.